दुसरा पासपोर्ट घेण्याआधी

भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाने साठेक किलोमीटर गेले की नागपूर येते. जिल्ह्यातल्या माणसाचा पासपोर्ट नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत निघतो, आणि विदर्भातून आखाताकडे जाणारे विमानही नागपूरहूनच मिळते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कामगारांची मुले, तुमसर-मोहाडीकडच्या धान पिकवणाऱ्या घरांतल्या मुली, भंडारा शहरातले अभियंते आणि परिचारिका याच वाटेने जगभर जातात. कोणी आधी पुणे, बेंगळुरू गाठतो, कोणी थेट दुबईला जातो.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियात काही वर्षे राहिल्यावर यांच्या घरात एक प्रश्न येतोच. तिकडचे नागरिकत्व मिळत असेल तर तिकडचा पासपोर्ट घ्यावा आणि इकडचाही राहू द्यावा का? ओळखीतला कोणी तरी सांगतो, ‘राहू दे, कोण विचारतो?’ हा सल्ला धोक्याचा आहे. भारतीय कायद्यानुसार दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर हातात उरलेला भारतीय पासपोर्ट वापरणे हा गुन्हा ठरतो.

परदेशात नोकरी करणाऱ्या आणि दोन देशांत घर असलेल्या माणसाचे व्हिसा, सीमा आणि कागद यांचे सगळे गणित या एका नियमाभोवती फिरते. म्हणून आधी तो नियम नीट पाहू.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ ने सुरुवातीपासून सांगितले आहे की ज्याने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले, तो भारताचा नागरिक नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये हाच नियम पुढच्या काळासाठी आला. या कायद्याखालच्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले: एखाद्याने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल, तर तेवढाच त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जाईल. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. त्यामुळे ‘मी फक्त प्रवासाच्या सोयीसाठी पासपोर्ट घेतला, मनाने भारतीयच आहे’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही.

पासपोर्ट कायदा १९६७ चा. आपले राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवणाऱ्या बिगरभारतीय व्यक्तीला या कायद्याच्या कलम १२ नुसार एक ते पाच वर्षे कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. विमानतळावर जुना भारतीय पासपोर्ट दाखवून आत येणारा, पण खिशात अमेरिकन पासपोर्ट बाळगणारा माणूस याच कायद्याच्या कक्षेत येतो.

भारत यात एकटा नाही. जपान, चीन, सिंगापूर हे देशही दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. नागपूरला कर्मभूमी मानणारे आणि विदर्भातल्या बौद्ध समाजात सर्वांना ठाऊक असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचा जन्म जपानमधला. त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस जपानच्याही कायद्याने जपानी राहत नाही. म्हणजे हा नियम जाणाऱ्याला लागतो, तसा येणाऱ्यालाही लागतो.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. इतक्या घरांत हा निर्णय दर वर्षी होतो. तो पूर्ण माहितीनिशी झाला पाहिजे.

गोव्याने दिलेला धडा

मराठी मुलखात दोन पासपोर्टांचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा आहे तो गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेले लोक पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण व दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्या, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तिथे जन्मले त्या सर्वांना भारतीय नागरिक मानण्यात आले. ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते, त्यांना तसे लेखी कळवण्यासाठी एक महिन्याची मुदत होती.

पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारात मान्य केले, आणि आपल्या राजवटीत जन्मलेल्या गोमंतकीयांचा नागरिकत्वाचा हक्क रद्द केला नाही. त्यांच्या मुलांनाही आणि नातवंडांनाही ही वाट खुली राहिली. आजोबांचा जन्मदाखला काढायचा, तो लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग ओळखपत्र आणि शेवटी पासपोर्ट. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये विनाव्हिसा नोकरी करता येई. स्विंडनसारख्या इंग्लिश शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली ती यातूनच.

ब्रेक्झिटने हे चित्र बदलले. ब्रिटनमध्ये आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना तिथे टिकून राहण्याचा अर्ज ३० जून २०२१ पर्यंत करायचा होता. नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर आता ब्रिटनमध्ये मुक्तपणे काम करता येत नाही. युरोपीय संघातले देश मात्र आजही खुले आहेत. एखाद्या पासपोर्टची ताकद कायमची नसते, ती राजकारणानुसार वाढते आणि घटते, हे यातून समजून घ्यावे.

दुसरा धडा अधिक कडू आहे. लिस्बनमध्ये नोंद केल्यावरही अनेकांनी भारतीय पासपोर्ट वापरणे चालू ठेवले. नोंद म्हणजे नागरिकत्व की पासपोर्ट म्हणजे नागरिकत्व, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. मतदार याद्यांपासून निवडणुकीतल्या उमेदवारीपर्यंत ते पोहोचले. २०२२ च्या अखेरीस केंद्राने कडक भूमिका घेतली. माहिती लपवल्याच्या कारणावरून अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द होऊ लागले. पासपोर्ट रद्द झाला की तो सन्मानाने परत केल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते प्रमाणपत्र नसेल तर परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्डही अडते. म्हणजे जन्मगावी येण्यासाठीसुद्धा साधा व्हिसा घेण्याची पाळी. अखेर २०२४ मध्ये केंद्राने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांसाठी पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही ओसीआयच्या अर्जासाठी पर्यायी कागद म्हणून मान्य केला. ही सवलत त्या प्रदेशांतल्या लोकांपुरतीच आहे. भंडाऱ्याच्या माणसाने तिच्या भरवशावर राहू नये.

रहिवास वेगळा, नागरिकत्व वेगळे

घरगुती चर्चेत ग्रीन कार्ड, पीआर, सिटीझनशिप हे शब्द एकमेकांत मिसळतात आणि त्यातून निष्कारण भीती तयार होते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा कायम रहिवासाचा परवाना हा फक्त राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. तो घेतल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. अशा माणसाचा पासपोर्ट भारतीयच राहतो. तो अनिवासी भारतीय असतो आणि भंडारा-गोंदिया मतदारसंघात त्याला मतही देता येते. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशात राहणारा भारतीय नागरिक नमुना ६अ भरून आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. मतदानासाठी मात्र त्याला स्वतः यावे लागते.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपला कायदा सैल केला. आता जर्मन नागरिकत्व घेताना आधीचे नागरिकत्व सोडण्याची अट जर्मनी घालत नाही. यामुळे तिकडच्या अनेक मराठी कुटुंबांना वाटले की आता दोन्ही ठेवता येतील. पण जर्मनीने आपल्या बाजूची अट काढली, भारताने आपली काढलेली नाही. जर्मन नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व पूर्वीसारखेच संपते. दोन देशांचा प्रश्न असेल तेव्हा दोघांचेही कायदे वाचावे लागतात.

तिकडे जन्मलेले बाळ

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय जोडप्याला तिथे मूल झाले, तर अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १४ व्या दुरुस्तीच्या आधारे त्या बाळाला जन्मतः तिथले नागरिकत्व मिळत आले आहे. त्याने स्वतः काहीच स्वीकारलेले नसते, म्हणून कायद्याने इथे थोडी वेगळी वाट ठेवली आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहूनही द्यावे लागते. अशा मुलाकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावे लागते. नाही तर भारतीय नागरिकत्व जाते.

बहुतेक कुटुंबे दुसरा मार्ग निवडतात: बाळाला अमेरिकन पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय कार्ड. तो सरळ आहे. पण पुढे मोठे झाल्यावर ‘आईवडील एके काळी भारतीय होते, म्हणून मलाही नागरिकत्व परत द्या’ अशी मागणी आपोआप मान्य होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. परकीय नागरिकत्व घेतल्याने भारतीय नागरिकत्व कायद्यानेच संपते, त्याला स्वेच्छेने केलेला त्याग म्हणता येत नाही. म्हणून अशा पालकांच्या मुलांना, त्याग करणाऱ्यांच्या मुलांसाठी असलेली नागरिकत्व परत मिळवण्याची सोय लागू होत नाही, असा तो निकाल आहे.

ओसीआय: काय मिळते, काय मिळत नाही

दुहेरी नागरिकत्वाची मागणी जुनी आहे. २००० मध्ये नेमलेल्या डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने तिचा विचार केला. ९ जानेवारीचा प्रवासी भारतीय दिवसही त्याच समितीच्या शिफारशीतून २००३ पासून सुरू झाला. त्या विचारातून २००५ मध्ये ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय योजना आली. नावात सिटिझन असले तरी हे नागरिकत्व नाही. तो भारताचा आयुष्यभराचा, कितीही वेळा येता येण्याजोगा व्हिसा आहे. कार्ड असलेल्याला कितीही दिवस राहिले तरी परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही.

२६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर जो भारतीय नागरिक होता, त्याला, त्याच्या मुलांना, नातवंडांना आणि पतवंडांना हे कार्ड मिळू शकते. विवाह नोंदणी होऊन दोन वर्षे झालेल्या परदेशी जोडीदारालाही ते मिळते. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिकत्व असलेल्यांना मिळत नाही.

ओसीआय कार्डधारकाला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सर्वसाधारण सरकारी नोकरी मिळत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. संरक्षित क्षेत्रांत जाण्यासाठीही लागते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर कार्ड रद्द होऊ शकते.

भंडारा जिल्ह्यातल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीची आहे. हा धानाचा जिल्हा. बहुतेक कुटुंबांच्या नावावर एखादी तरी बांधी असते. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फळबागा-मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. परकीय चलनविषयक नियमांनुसार बक्षीसपत्रानेही शेतजमीन त्याच्या नावावर करता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही हाच नियम लागू आहे. वारसा हक्काने मात्र दोघांनाही शेतजमीन मिळते. म्हणून वडिलांनी हयातीत अमेरिकेतल्या मुलीच्या नावे शेताचे बक्षीसपत्र करण्याच्या भानगडीत पडू नये. वारसाची नोंद आणि फेरफार हाच तिचा खरा मार्ग आहे. पुढे तिला ते शेत विकायचे असेल, तर ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शिवाय विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यावर घातलेले निर्बंध वेगळेच आहेत.

ओसीआय कार्ड असलेल्याला भारतीय नागरिकत्वाकडे परतण्याचा मार्गही आहे. कार्डाची पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहून नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

शपथेपासून ओसीआयपर्यंतचे आठवडे

नागरिकत्व बदलताना सर्वांत नाजूक काळ येतो तो शपथविधी आणि ओसीआय कार्ड यांच्या मधला. अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेताना ग्रीन कार्ड जमा करावे लागते. अमेरिकन पासपोर्ट अजून हातात आलेला नसतो, आणि भारतीय पासपोर्ट त्या दिवसापासून वापरता येत नाही. काही आठवडे त्या माणसाकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. पुढे नवा पासपोर्ट येतो, भारतीय पासपोर्ट वकिलातीमार्फत रद्द करून घ्यावा लागतो, त्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि मगच ओसीआयचा अर्ज होतो.

याच काळात गावाकडून वाईट बातमी आली तर? आई आजारी आहे, वडील गेले, अशा वेळी घाईत जुना भारतीय पासपोर्ट काढून विमानात बसण्याचा मोह होतो. तसे करू नये. नवा पासपोर्ट हातात असेल तर भारताचा ई-व्हिसा घ्यावा किंवा वकिलातीकडून तातडीचा व्हिसा मागावा. घरात कोणी गंभीर आजारी असेल, कोणाचे लग्न ठरले असेल, तर शपथेची तारीखच त्या हिशोबाने घ्यावी.

नागरिकत्व गेल्यावर इकडची कागदपत्रेही बदलावी लागतात. मतदार यादीतले नाव कमी करायचे असते. बँकेतले साधे बचत खाते परदेशी गेल्यावरच अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलायला हवे असते. जमिनीच्या कामासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते परदेशात नोटरी करून वकिलातीकडून साक्षांकित किंवा अपॉस्टिल करून आणावे आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

सीमेवरचा व्यवहार

दोन पासपोर्ट कायदेशीरपणे बाळगणारे मराठी लोकही आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड, कॅनडा आणि अमेरिका, असे दोन्ही परदेशी पासपोर्ट असले तर भारताला हरकत नसते. त्यांनी आणि एका पासपोर्टवर अनेक व्हिसे बाळगणाऱ्यांनी काही नियम पाठ करावेत.

ज्या देशात ज्या पासपोर्टवर शिरलात, त्याच पासपोर्टवर बाहेर पडा. इमिग्रेशनच्या संगणकात आत आल्याची नोंद एका क्रमांकावर आणि बाहेर गेल्याची दुसऱ्यावर झाली, तर पहिल्या क्रमांकाचा माणूस मुदतीपेक्षा जास्त राहिला असे दिसते. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरावा, असा तिथला कायदा आहे. कॅनडाला जाणाऱ्या विमानात बसतानाही कॅनडाच्या नागरिकाला सहसा कॅनडाचाच पासपोर्ट लागतो. भारतात येताना ओसीआय ज्या पासपोर्टवर नोंदले आहे तोच वैध पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही सोबत हवेत. नुसत्या कार्डावर प्रवास होत नाही.

जुना पासपोर्ट फेकू नका. भारतीय पासपोर्टची मुदत संपली तरी त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा वैध असू शकतो. जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट सोबत नेले की तो चालतो. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात.

नावाकडे लक्ष द्या. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, लग्नानंतर बाईचे नाव बदललेले, अशा विसंगती आपल्याकडे सर्रास असतात. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षरशः सारखे हवे. आईवडिलांचा पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून बाळाच्या जन्माची नोंद वेळेत आणि अचूक करून घ्या.

युरोपात शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच पाहुणा म्हणून राहता येते. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांची जागा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी संगणकी नोंद घेऊ लागली आहे. दिवसांची मोजणी यंत्र करते, तिथे अंदाज चालत नाही.

भंडारा जिल्ह्यातली बौद्ध कुटुंबे लुंबिनीच्या यात्रेला जातात. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. पण सुटीवर आलेला अमेरिकन पासपोर्टचा नातू सोबत असेल, तर ओसीआय असूनही त्याला नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो भारताच्या ई-व्हिसावर आला असेल, तर नेपाळ सीमेवरच्या सोनौलीहून बसने परत शिरता येईल का, हे निघण्याआधी तपासा. ई-व्हिसावर भारतात प्रवेशाची ठिकाणे ठरलेली असतात.

आखातात जाणाऱ्या भावांसाठी

आखाती देशांत कामगाराला नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नच जवळजवळ येत नाही. तिथे जाणारा भारतीयच राहतो, आणि त्याचे सगळे आयुष्य मालकाशी जोडलेल्या रहिवास परवान्यावर उभे असते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्याआधी त्यांना उत्प्रवासन कायदा, १९८३ नुसार ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची परवानगी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावरून मिळते. एजंट नोंदणीकृत आहे का, हेही तिथेच दिसते. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. लाखाची मागणी झाली, तर तिथेच थांबा. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. तिची पावती घरी ठेवा.

पर्यटक व्हिसावर नोकरी करू नका. म्यानमारच्या म्यावड्डी भागात नोकरीच्या नावाखाली डांबून ऑनलाइन फसवणुकीचे काम करायला लावलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. आधीच्या महिन्यात अमेरिकेने बेकायदा शिरलेल्या १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला उतरवले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणत्याही मालकाला तो काढून ठेवण्याचा हक्क नाही. त्याने काढून घेतला तर वकिलातीत किंवा ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार करता येते. घरी त्याची, व्हिसाची आणि कराराची प्रत ठेवून जा.

निर्णय घेताना

परदेशी नागरिकत्व घेणे चूक नाही. तिकडे मुलांचे शिक्षण आहे, कामाची शाश्वती आहे, कित्येकांचे अख्खे आयुष्य तिकडे उभे राहिले आहे. पण तो पासपोर्ट हाती येतो तेव्हा मताचा हक्क जातो, गावात शेत विकत घेण्याचा हक्क जातो, आणि त्या बदल्यात मिळते ते ओसीआय कार्ड, जे पुष्कळ देते पण सगळे देत नाही. हा सौदा करायचा की नाही, हे प्रत्येकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. लपवाछपवी करून दोन्ही ठेवण्याचा मार्ग मात्र कोणीही निवडू नये. गोव्यातल्या कुटुंबांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

म्हणून शपथेच्या तारखेला होकार देण्याआधी आईवडिलांशी आणि भावंडांशी बोला. सातबारावर कोणाची नावे आहेत ते पाहा, पालकांच्या तब्येतीचा विचार करा, सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का ते तपासा. शंका आली तर ओळखीच्या माणसाच्या अंदाजावर न थांबता नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाला किंवा जवळच्या भारतीय वकिलातीला लेखी विचारा. नियम बदलत राहतात, त्यामुळे दर प्रवासाआधी ते नव्याने वाचा आणि कागद सरळ ठेवा.